शुक्रवारचा रकाना

मर्डो गिलख्रिस्ट, वय एकाहत्तर,
हृदयात दोन स्टेंट,
जहाजांचे पत्रे जोडता जोडता भाजलेली मनगटं.
माझ्यासमोर वही ठेवतो.
आठवडाभराचं खाणं, मी सांगितलं होतं तसं,
वेळ घालून, वजन घालून,
बोटीवरची नोंदवही असावी तसं.

सोमवार : डब्यातलं मसुराचं सूप. उभ्यानं.
मंगळवार : तेच. उभ्यानं.
बुधवार : ओट्स, पाण्यात. दूध संपलं होतं.
गुरुवारची ओळ भिजून निळी झालीय,
ग्रीनॉकमध्ये कोरडा कागद मिळणं कठीण.
शुक्रवार : तळलेला मासा, बटाटे, वाटाणे, व्हिनेगर सढळ.
बसून.

"उभ्यानं की बसून, हे मी विचारलं नव्हतं."
"काही लपवू नका म्हणालीस ना, पोरी?"

माझ्याकडे तीन रंगांचा तक्ता आहे.
हिरवं रोज, पिवळं जपून, लाल क्वचित.
क्वचित म्हणजे किती, हे तक्ता सांगत नाही.
ते सांगायला मला पगार मिळतो.
तो विचारतो, वाटाणे भाजीत धरायचे ना?
तुझ्या तक्त्यापेक्षा हिरवे आहेत.
मिठात शिजून लगदा झालेले ते वाटाणे,
त्याला मी वाटाण्याच्याच अक्षता लावते.

मग सहज म्हणते, अर्धंच घ्या.
अर्धा मासा, अर्धे बटाटे. बंद नको, निम्मं.

तो खिडकीबाहेर बघत राहतो.
खाली क्लाइडवर पलीकडच्या काठाची फेरी निघालेली.
"त्रेचाळीस वर्षं अर्धंच खाल्लं," तो म्हणतो.
"एक पुडा, दोघांत. युना आणि मी.
आता दुकानात जाऊन अर्धं कसं मागू?
एर्सीलिया विचारेल, दुसरं अर्धं कुणाला."

मी पेनाचं टोपण लावते, काढते.
छापील कागदावर माणशी किती, एवढंच असतं.
माणसं किती, ते नसतं.

खरं सांगायचं तर
मीही खाते. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा.
गाडीत, काचा वर करून,
आणि तेलकट कागद पुढच्या गावच्या कचराकुंडीत टाकते
चोरीचा माल असल्यासारखा.
कुणी विचारलं तर म्हणते, सगळं चालतं, प्रमाणात.
प्रमाण हा शब्द फार सोयीचा आहे,
इलॅस्टिकच्या चड्डीसारखा.

या शुक्रवारी काचा खाली केल्या.
तो दिसला, चढावर,
दर चौथ्या दिव्याच्या खांबाला हात टेकत.
बस जाते तिथून. तो बसनं जात नाही.
हे वहीत लिहिलेलं नव्हतं,
कारण चालणं म्हणजे काही खाणं नव्हे.
येताना तो तिघांशी बोलला, एका कुत्र्याशी,
आणि कुंपण रंगवणाऱ्या पोराला
ब्रश कसा धरायचा ते दाखवून आला.

एर्सीलियानं मासा कढईतून काढला, निथळू दिला.
तिच्या आजोबांनी इटलीतून येताना आणलेली घंटा
अजून दारावर आहे, कुणी आलं की किणकिणते.
तिनं बटाट्यांचा एक डाव भरला,
आणि मग, सवयीनं, वर अजून थोडे.
"डॉक्टरीणबाई बघतायत," मर्डो म्हणाला.
"मी डॉक्टर नाही," मी म्हणाले.
एर्सीलियानं वरचे काढून घेतले नाहीत.

महिन्यानं त्याचं कोलेस्टेरॉल येईल.
उतरलं तर माझं नाव होईल,
चढलं तर माशाचं.
दोन्ही खरं नसेल.
सहा दिवसांचं ते उभ्यानं प्यायलेलं सूप
कोणत्या नळीत, कोणत्या आकड्यात दिसतं,
हे मला कुणी शिकवलं नाही.

खिडकीजवळच्या बाकावर त्यानं कागद उलगडला.
वाफ काचेवर चढली, बाहेरची नदी पुसली गेली.
लाकडी काट्यानं त्यानं मासा मधोमध कापला,
जोड उलटा उकलावा तसा, रेष सरळ,
आणि पुडा थोडा माझ्याकडे सरकवला.

मी भुकेली होते. तक्ता गाडीत होता.

"मधोमध नाहीये हे," मी म्हणाले.
"नाहीच," तो म्हणाला,
आणि मोठा अर्धा स्वतःकडे ओढला.